कारमधला बास: इंच विचारता, तसे लिटरही विचारा

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्या गाड्या रस्त्यावर येतात आणि त्यांच्या मागोमाग ॲक्सेसरीजच्या दुकानांत स्पीकर बदलून घेणाऱ्यांची रीघ लागते. कंपनीने दिलेले स्पीकर काढून साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट बसवला जातो. खालच्या-मधल्या सुरांचा मिडवूफर दारात, वरच्या सुरांचा ट्वीटर पुढच्या काचेच्या खांबापाशी आणि दोघांच्या मधे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. आवाज स्वच्छ होतो, गाण्याचे शब्द कळू लागतात; बास, म्हणजे खालच्या जड सुरांचा आवाज, मात्र होता तेवढाच राहतो, कधी कधी चक्क कमी होतो. ग्राहक पुन्हा दुकानात जातो. तिथे त्याला ॲम्प्लिफायर सुचवला जातो, नाहीतर आणखी महागाचा सेट. बहुतेक वेळा त्याला या दोन्हींची गरज नसते. स्पीकरच्या मागे किती हवा आहे आणि ती कितपत कोंडलेली आहे, यावर बास ठरतो, आणि नेमके तेच कुणी तपासत नाही. हे काम रोज करणारे म्हणून आम्ही हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी ही विनंती.

स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे कोनाच्या दोन बाजूंनी एकमेकींच्या बरोबर उलट लाटा निघतात. वरच्या सुरांत हे खुपत नाही, कारण तिथे लाटेची लांबी काही सेंटिमीटरच असते आणि आवाज सरळ समोर जातो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० कंपनांच्या खोल सुराला, मात्र हीच लांबी पावणेसहा मीटरच्या घरात जाते, अख्ख्या हॅचबॅकपेक्षा जास्त. एवढी लांब लाट स्पीकरच्या कडेने सहज वळसा घेते, मागच्या उलट लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. स्पीकर कितीही भारी असला तरी मागची लाट पुढे येऊ द्याल तर बास मिळणार नाही.

आता दाराकडे बघा. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यामध्ये पोकळी असते. काच वर-खाली करणारी यंत्रणा आणि कुलूप बसवता यावे म्हणून आतल्या पत्र्याला भोके ठेवलेली असतात. काही तळहाताएवढी, काही वहीएवढी. त्यांच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. हा कागद पावसाचे पाणी अडवतो, बासची लाट अडवणे त्याला जमत नाही. कंपनीचा स्पीकर हलक्या कोनाचा, थोड्या वॅटवर वाजणारा असतो, म्हणून तशा दारातही तो बऱ्यापैकी निभावून नेतो. कॉम्पोनंटचा कोन बऱ्याचदा जड असतो आणि तेवढ्याच वॅटवर तो कमी वाजतो. ‘नवीन बसवले आणि बास गेला’ ही तक्रार इथून येते.

या तक्रारीवर बाजारात एक सोपा उपाय विकला जातो: स्पीकरच्या मागे बसवायची फोमची किंवा प्लास्टिकची वाटी. ‘एन्क्लोजर (स्पीकरचे बंद खोके) आहे, बास वाढेल,’ असे सांगून ती दिली जाते. या वाटीबद्दल आम्हाला जरा स्पष्टच बोलायचे आहे.

प्रत्येक चांगल्या स्पीकरसोबत तांत्रिक माहितीचा कागद येतो. त्यात एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस असे तीन आकडे असतात. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या अभियंत्यांनी ही पद्धत रूढ केली. थील यांचे मूळ काम १९६१ चे. एफएस म्हणजे स्पीकरची मोकळ्या हवेतली स्वतःची कंपनसंख्या, क्यूटीएस म्हणजे ते कंपन किती पटकन आवरते त्याचे माप, आणि व्हीएएस म्हणजे स्पीकरच्या लवचिकतेशी बरोबरी करणारी हवा, लिटरमध्ये. बंद खोक्याचा हिशेब अगदी साधा आहे. व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा आणि वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्याने एफएसला गुणले की त्या खोक्यातली नवी कंपनसंख्या मिळते आणि क्यूटीएसला गुणले की नवा क्यू मिळतो. क्यू ०.७ च्या जवळ असला की बास सपाट आणि आवरलेला राहतो. १ च्या वर गेला की फुगवटा येतो.

साडेसहा इंची मिडवूफरचे नेहमी दिसणारे आकडे घेऊ: एफएस ६५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.६, व्हीएएस १२ लिटर. वाटीत हवा असते दीड लिटर. बारा भागिले दीड म्हणजे ८, अधिक १ म्हणजे ९, वर्गमूळ ३. म्हणजे कंपनसंख्या गेली थेट १९५ हर्ट्झवर आणि क्यू झाला १.८. हाच स्पीकर नीट बंद केलेल्या दारात, समजा ३० लिटर हवेवर, बसवला तर कंपनसंख्या राहते ७७ हर्ट्झ आणि क्यू ०.७१. हिशेबाने ६० हर्ट्झला या दोन्हींत सुमारे १४ डेसिबलचा फरक पडतो. तेवढी तूट ॲम्प्लिफायरने भरून काढायची तर पंचवीसपट वॅट लागतील.

मग वाटी बसवल्यावर ‘दणका वाढला’ असे का वाटते? क्यू १.८ झाल्यामुळे २०० हर्ट्झच्या आसपास पाचेक डेसिबलचा उंचवटा तयार होतो. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा आणि ढोलकीचा ठोसा याच पट्ट्यात येतात. तिथे आवाज जाड झाला की कानाला तो बास वाटतो. खरा खालचा बास गायब झालेला असतो आणि निवेदकाचा आवाज माठातून आल्यासारखा होतो. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे एकल तबल्याचे ध्वनिमुद्रण लावा आणि डग्ग्याचा घुमार ऐका. तळहाताच्या दाबाने तो घुमार खालून वर सरकतो तेव्हा सगळीकडे सारख्याच वजनाने ऐकू यायला हवा. मधेच एका जागी तो फुगत असेल आणि खाली उतरताच हरवत असेल, तर खोके लहान आहे किंवा दार कुठेतरी थरथरते आहे.

फोमच्या वाटीचा एक उपयोग खरा आहे, पावसाचे पाणी मॅग्नेटवर पडत नाही. त्यासाठी ती ठेवायचीच असेल तर तिचा फक्त वरचा अर्धा भाग छपरासारखा ठेवा आणि खालचा व मागचा भाग कापून टाका. स्पीकरला दारातली हवा मिळते आणि पाणीही निथळून जाते.

तर मग दार हेच खोके. फक्त ते खरोखर खोके होईल असे काम त्यावर करावे लागते, आणि पैसे घालायचेच असतील तर पहिले इथे घाला.

ट्रिम, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढल्यावर पहिला थर बाहेरच्या पत्र्याला, आतून. भोकातून हात घालून पत्रा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्या. धूळ-तेलावर काहीच चिकटत नाही. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली २ मिलिमीटरची ब्यूटाइल, म्हणजे चिकट रबराची, शीट रोलरने दाबून बसवा. रोलर नीट फिरला की शीटवरची नक्षी सपाट होते, ही दाब पुरेसा झाल्याची खूण. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. मधल्या सपाट, सर्वांत जास्त थरथरणाऱ्या भागाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग झाकला तरी पत्र्याचा टणटण आवाज थप असा बसका होतो. बोटाने टिचकी मारून आधीचा आणि नंतरचा आवाज ताडून बघा. पुढच्या दोन दारांना मिळून सव्वा ते दीड चौरस मीटर शीट पुरते. स्वस्तात मिळते म्हणून गच्चीच्या गळतीसाठीची डांबरी पट्टी इथे लावू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो. डांबर मऊ होऊन सरकते, वास येतो आणि ओघळ काचेच्या खाचेत उतरतो.

दुसरा थर आतल्या पत्र्याच्या भोकांवर. मोठ्या भोकावर नुसती ब्यूटाइल शीट ताणून लावली तर ती ढोलाच्या पानासारखी हलते आणि मागची लाट बाहेर येतच राहते. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा तीन मिलिमीटर एबीएस प्लास्टिकचा तुकडा भोकापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर मोठा कापा, कडेने ब्यूटाइलची दोरी द्या आणि स्क्रूने आवळा. तुकडा कायमचा चिकटवू नका. उद्या काचेची मोटर बिघडली तर मेकॅनिकला तो काढता आला पाहिजे. सिलिकॉनही इथे टाळा. आंबूस वासाचे साधे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. वायरी आणि कुलपाच्या सळया जिथून जातात तिथे बंद पेशींचा फोम भरा. सळ्यांना कापडी टेप गुंडाळा, नाहीतर दार घट्ट झाल्यावर तोपर्यंत न ऐकू आलेली त्यांची किरकिर सुरू होते.

दोन गोष्टी मात्र बंद करायच्या नाहीत. दाराच्या तळाशी पाणी निथळायला बारीक भोके असतात. काचेच्या रबरातून पावसाळाभर पाणी दारात उतरतच असते. ती भोके बुजली तर दार पाण्याने भरते आणि तळाचा पत्रा सडतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडते. दुसरी गोष्ट सुरक्षेची. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की दारातली हवा दाबली जाते आणि त्यावरून एअरबॅग उघडते. कंपनीने तो मूळ दाराच्या हिशेबाने जुळवलेला असतो. आपल्या गाडीत असा सेन्सर आहे का, हे अधिकृत वर्कशॉपमधून आधी विचारून घ्या. असेल तर भोके बंद करू नका, फक्त पत्र्याची थरथर कमी करा आणि खालच्या बासची अपेक्षा सबवूफरकडून (फक्त त्यासाठीच्या वेगळ्या स्पीकरकडून) ठेवा.

राहिली स्पीकरखालची रिंग. दुकानांत ती सर्रास एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) मिळते आणि दारातल्या ओलीने दोन पावसाळ्यांत फुगून उकलते. मग स्क्रू सैल होतात आणि स्पीकरच्या कडेनेच हवा फुसफुसते. भाजी चिरायचा जाड पांढरा बोर्ड ज्या एचडीपीई प्लास्टिकचा असतो त्याची रिंग कापून घ्या, किंवा आयएस ७१० मार्काच्या मरीन प्लायची, सगळ्या कडांना इपॉक्सी लावून. जाडी १८ ते २५ मिलिमीटर. त्याआधी काच पूर्ण खाली उतरवून मॅग्नेट आणि काच यांच्यात निदान ५ मिलिमीटर अंतर राहते का, ते मोजा. काच वर असताना माप घेतले की हमखास घोटाळा होतो. रिंग आणि पत्रा यांच्यात फोम टेप द्या. स्पीकरच्या पुढच्या बाजूलाही, ट्रिमच्या जाळीला टेकेल इतक्या जाडीचा फोमचा गोल लावा. तो नसला तर पुढची निम्मी लाट ट्रिमच्या मागेच कोंडते आणि ट्रिमच खडखडू लागते. क्रॉसओव्हर दारात ठेवू नका, डॅशबोर्डखाली कोरड्या जागी बसवा.

काम झाल्यावर ५० हर्ट्झचा स्थिर सूर बेताच्या आवाजात लावा आणि टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या सांध्यांवरून फिरवा. जिथे ती फडफडेल तिथे हवा निसटते आहे. तसेच डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा एकाच ध्रुवाने जोडल्या आहेत ना, ते बघा. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की धनाला धन असताना कोन बाहेर येतो. एका बाजूची तार उलटी असेल तर दोन्ही दारांचा बास एकमेकांना मारतो, आणि वरवर ऐकताना सगळे ठीकच वाटते. हजारोंचा खर्च करून बास न मिळालेल्या गाड्यांत उलटी तार सापडणे मुळीच दुर्मीळ नाही.

एवढे केल्यावर दारातला साडेसहा इंची स्पीकर ७०-८० हर्ट्झपर्यंत भरदार वाजतो. त्याखाली त्याच्याकडून मागू नये. कारण असे की आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की कोनाला चौपट सरकावे लागते. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर सरकणारा कोन ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर सरकतो, आणि बहुतेक साडेसहा इंची स्पीकरची मर्यादा तिथेच संपते. त्यापुढे फाटका आवाज आणि जळालेली कॉइल. म्हणून सबवूफर असो वा नसो, हेड युनिटमधला (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टममधला) हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक सुराखालचा आवाज अडवणारी सोय, चालू करा. सबवूफर नसेल तर ५०-६० वर आणि असेल तर ८० वर. फिल्टर लावल्यावर दाराचा आवाज उलट मोकळा आणि मोठा होतो, हे बऱ्याच जणांना ऐकल्याशिवाय पटत नाही.

खालच्या बाससाठी वेगळा सबवूफर आणि त्याला मापाचे खोके. इथे गाडी स्वतःच मदतीला येते. केबिनची लांबी अडीच मीटर धरली तर ७० हर्ट्झच्या खाली अर्धी लाटही केबिनमध्ये मावत नाही, नुसता दाब वाढत-उतरत राहतो आणि बास आपोआप चढत जातो. बंद खोक्याचा बास ज्या चालीने खाली उतरतो, जवळपास त्याच चालीने केबिन तो वर उचलते. त्यामुळे घरात कोरडे वाटणारे छोटे बंद खोके गाडीत भरदार वाजते. म्हणून पहिल्यांदा खोके करणाऱ्याला आम्ही बंद खोकेच सुचवतो. त्यात लिटरभर चूक झाली तरी निभावते.

दहा इंची सबवूफर घ्या: एफएस ३२, क्यूटीएस ०.५, व्हीएएस २५. खोके २० लिटरचे केले तर पंचवीस भागिले वीस सव्वा, अधिक एक सव्वादोन, वर्गमूळ दीड. कंपनसंख्या ४८, क्यू ०.७५. उत्तम. १८ मिलिमीटरच्या फळीतून ३६० बाय ३६० चे दोन तुकडे (पुढचा आणि मागचा), ३६० बाय २१० चे दोन (वरचा आणि खालचा) आणि ३२४ बाय २१० चे दोन (बाजूचे) कापा. सगळी मापे मिलिमीटरमध्ये. आतली हवा २२ लिटर होते. त्यातला दीड-दोन लिटर स्पीकरचा सांगाडा खातो, उरतात २०. स्पीकरचे भोक नेहमी हातातल्या स्पीकरच्या मापानेच कापा. दहा इंची म्हणून सरसकट एक माप नसते. सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर लावा, ३ मिलिमीटरचे भोक आधी पाडून दर १० सेंटिमीटरला दोन इंची स्क्रू मारा. भोक न पाडता एमडीएफच्या कडेत स्क्रू घुसवला तर फळी उकलते आणि सांधा कायमचा गळका होतो. आतून सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉनची रेघ ओढा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. ओल्या सिलिकॉनवर स्पीकर बसवला तर त्याच्या वाफेने कडेचा फोम आणि गोंद खराब होऊ शकतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एमडीएफऐवजी मरीन प्लाय किंवा एचडीएचएमआर (ओल सोसणारी दाट फळी) घ्या. आत रजईत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस अडीचशे ते तीनशे ग्रॅम, पिंजून, सैलसर भरा. खोके थोडे मोठे असल्यासारखे वागते. शेवटी कोन चार बोटांनी हलकेच, सरळ आत दाबून थोडा वेळ धरा आणि मग सोडा. तो सावकाश परत आला तर खोके बंद आहे. झटकन परतला तर कुठेतरी गळते आहे.

नळीवाल्या, म्हणजे पोर्टेड, खोक्याने तेवढ्याच वॅटमध्ये आवाज मोठा मिळतो, पण चुकीला माफी नाही. नळीची लांबी खोक्याच्या लिटरवर आणि हव्या त्या सुरावर ठरते. नळीच्या आतल्या व्यासाचा सेंटिमीटरमध्ये वर्ग करा, त्याला २३,५६२ ने गुणा, मग खोक्याचे लिटर गुणिले सुराचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा आणि उत्तरातून व्यासाचे ०.७३ पट वजा करा. ४० लिटर, ३५ हर्ट्झ आणि १० सेंटिमीटर व्यास घेतला तर नळी येते जवळजवळ ४१ सेंटिमीटर. हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आतून दहा सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. आतला व्यास मोजूनच हिशेब करा. एवढी नळी सरळ मावत नाही, बाक द्यावा लागतो. म्हणून तयार खोक्यांत तीन इंच व्यासाची आखूड नळी लावून वेळ मारून नेतात. मग दोन गोष्टी होतात. अरुंद नळीतून हवा जोरात जाऊन फुसफुसते, आणि नळी आखूड पडल्याने सूर ५० हर्ट्झच्याही वर जातो. एकाच सुराला धडधड आणि बाकी शांतता, हा रस्त्यावर ओळखीचा झालेला आवाज यातूनच येतो. पोर्टेड खोक्यात नळीच्या सुराखाली कोनाला हवेचा आधारच राहत नाही. त्यामुळे ॲम्प्लिफायरचा सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) २८-३० हर्ट्झवर ठेवणे सक्तीचे समजा. नळीचे आतले तोंड भिंतीपासून निदान एका व्यासाइतके लांब हवे, आणि नळीने व्यापलेली जागा लिटरमधून वजा करायला विसरू नका. वरच्या उदाहरणात ती चार लिटरच्या आसपास आहे.

आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत डिकीत सीएनजीची टाकी असते. तिथे खोके बसवताना टाकीचा हाताने बंद करायचा व्हॉल्व्ह झाकला जाता कामा नये. दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी असते, तेव्हा ती काढता आली पाहिजे. डिकीच्या तळाला खालून इंधनाची नळी कुठून गेली आहे ते पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. जागाच नसेल तर सीटखालचा पातळ सबवूफर घ्या. त्याचा बास खोल नसतो, पण दारांना ८० हर्ट्झच्या खालच्या कामातून सुट्टी मिळते आणि तेवढ्याने बराच फरक पडतो. खोके मोकळे ठेवू नका. स्पीकरसह ते पंधरा किलोच्या घरात जाते, आणि जोराचा ब्रेक लागला की मागच्या सीटवर येते. पट्ट्याने किंवा कंसाने सीटच्या सांगाड्याला बांधा. हॅचबॅकच्या मागच्या फळीवर सहा-बाय-नऊचे अंडाकृती स्पीकर बसवण्याची पद्धतही याच कारणांनी टाळावी. फळीच्या कडेच्या फटींतून मागची लाट पुढे येते, म्हणून बास मिळत नाही, आणि अपघातात ती जड फळी प्रवाशांच्या डोक्याच्या उंचीवरून सुटते.

वॅटबद्दल थोडक्यात. हेड युनिटवरचे ‘५० गुणिले ४’ हे क्षणभराचे कमाल आकडे असतात. सतत मिळणारे आरएमएस वॅट प्रत्येक स्पीकरला वीसच्या आसपास. ३०० आरएमएस वॅटच्या क्लास-डी ॲम्प्लिफायरला सुमारे २७ अँपिअर लागतात. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. अर्थिंग रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घ्या, तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असेल तर एक माप जाड घ्या. ॲम्प्लिफायरचा गेन (आवाज किती वाढवायचा ते ठरवणारी कळ) लावताना कानावर विसंबू नका. स्पीकर सोडवून ५० हर्ट्झचा सूर लावा, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा आणि मल्टिमीटरवर एसी व्होल्ट बघा. ४ ओहमला १०० वॅट हवे असतील तर २० व्होल्टला थांबा. बास बूस्ट बंद. शेवटी सबवूफरचा फेज (कोनाची पुढे-मागे दिशा उलटवणारे बटण) ० आणि १८० असा बदलून चालकाच्या जागेवर बसून ऐका, आणि ज्यात ढोलकी-ढोलाचा ठोका जास्त भरीव व समोरून येतो तो ठेवा.

आमची विक्रेत्यांकडे आणि खोकी बनवणाऱ्यांकडे एक मागणी आहे. तयार खोके आज ‘दहा इंची’, ‘बारा इंची’ अशा नावाने विकले जाते. कागदी किंवा धातूच्या छोट्या पट्टीवर आतली निव्वळ हवा किती लिटर, नळी असेल तर ती किती हर्ट्झला लावली आहे आणि फळी कोणती, हे तीन तपशील छापायला खर्च जवळजवळ शून्य आहे. स्पीकरच्या डब्यावर कमाल वॅट ठळक आणि आरएमएस बारीक छापण्याऐवजी एफएस, क्यूटीएस, व्हीएएस दर्शनी बाजूला द्यावेत. दारात कॉम्पोनंट बसवून देणाऱ्या दुकानांनी बिलात ‘दार बंद करणे’ ही ओळ वेगळी लिहावी आणि तिचे पैसे वेगळे घ्यावेत. ते श्रमाचे काम आहे, दोन दारांना चांगला अर्धा दिवस जातो, आणि वेगळे पैसे मिळत नाहीत म्हणूनच ते टाळले जाते. ग्राहकांनीही डब्यावरच्या वॅटवर घासाघीस करण्याआधी ही ओळ बिलात आहे का ते पाहावे, आणि खोके घेताना विक्रेत्याने लिटर सांगितले नाहीत तर मोजपट्टीने आतली लांबी, रुंदी, खोली स्वतः मोजावी. तिन्ही मापे सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागली की लिटर येतात.

आपले,
कार ऑडिओचे काम करणारे काही तंत्रज्ञ
पुणे